डावा हात भिंतीला

१

ऑफिसात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘लाल पेन’. दुसरं नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं त्या घरांच्या मूल्यांकनाचे अहवाल तपासत होत्या. एखादं घर कर्जावर विकलं जाणार असलं की मूल्यांकनकार तिथे जायचा, घर मोजायचा, फोटो काढायचा, नकाशा रेखाटायचा आणि सगळं बांधून बाईंच्या टेबलावर आणून ठेवायचा. मग बाई खुर्चीतून न उठता त्या घरात शिरायच्या. आतल्या फोटोत खिडकीला दोन झडपा आणि बाहेरच्या फोटोत तीन का, जिन्याच्या पायऱ्या तेरा लिहिल्यात आणि दिसतात बाराच, असलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एका पठ्ठ्याने एकदा घर न बघताच अहवाल केला होता. बाईंनी त्याला सावलीवरून पकडलं. भेटीची वेळ सकाळची लिहिलेली होती आणि फोटोत सावल्या संध्याकाळच्या पडल्या होत्या.

सगळ्या मूल्यांकनकारांत बाईंना त्यातल्या त्यात बरे वाटत ते मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. तिथेच कागद कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं एक पेर गेलं होतं, म्हणून पेन्सिल अंगठा आणि मधल्या बोटात धरायचे. तरी आकडे असे काढायचे की बघत राहावं. बाईंनी कितीही शेरे मारले तरी हा माणूस कधी वाद घालत नसे. मान खाली घालून एकच वाक्य म्हणायचा, “बाईंचं बरोबर आहे.” आणि दुरुस्ती करून आणायचा.

घर मोजायची जुनी रीत आता एकटे मास्तरच पाळत. पुढच्या दारातून आत शिरायचं, डावा हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. दार आलं की हाताबरोबर त्या खोलीत वळायचं, खोलीला फेरी मारून बाहेर यायचं आणि पुढे चालायचं. अशाने घरातली एकही खोली सुटत नाही आणि माणूस आपोआप पुढच्या दाराशी परत येतो. ही पहिली फेरी खोल्या मोजण्यासाठी. टेप मग निघतो. नव्या पोरांकडे लेझरचं यंत्र आलं होतं. खोलीच्या मधोमध उभं राहून बटण दाबलं की संपलं.

बाईंना ही जुनी रीत इतकी पटली होती की त्यांनी ती आपल्या भाचीलाही खेळ म्हणून शिकवली होती. भाची सहा वर्षांची. एका जागी ठरायची नाही, म्हणून घरात तिला सगळे खारुताई म्हणत. तिला डावा-उजवा कळायचा नाही, तेव्हा मावशी लाल पेनाने तिच्या डाव्या हातावर एक ठिपका काढून द्यायची. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात खारुताईची फेरी अर्ध्या मिनिटात संपायची.

त्या मंगळवारी जो अहवाल आला तो याच खारुताईच्या नव्या घराचा होता. धाकट्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला ते घर घ्यायचं होतं. जुन्या घरमालकाने महिनाअखेरीस जागा सोडायला सांगितली होती, आणि दुसरं घर परवडण्यासारखं नव्हतं. नियमाप्रमाणे बाईंनी ‘हे नातेवाइकाचं घर आहे’ असं लिहून फाइल दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायला हवी होती. तसं केलं असतं तर दोन महिने गेले असते. बाई गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका नियमाकडे कानाडोळा केला होता आणि त्या दिवशी चहाही त्यांना गोड लागला नाही.

अहवाल त्यांनी उघडला. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या, कोठीची खोली. पाच. सगळं ठाकठीक. आणि मग शेवटच्या ओळीत, मास्तरांच्या त्याच सुबक अक्षरात:

‘खोली सहावी. कोठीच्या खोलीतून प्रवेश. आठ बाय सहा फूट. पावलांनी मोजली, अंदाजे.’

मास्तरांच्या अहवालात ‘अंदाजे’ हा शब्द बाईंनी कधी वाचला नव्हता.

२

“मास्तर, हे काय आहे?”

“सहावी खोली, बाई.”

“मंजूर नकाशात पाच आहेत. बाहेरून घेतलेलं माप पाच खोल्यांचं आहे. तुमची ही सहावी खोली कोठीच्या भिंतीपलीकडे, म्हणजे सरळ गल्लीत येते. गल्लीत उभं राहून मोजलीत का?”

मास्तर हसले नाहीत. “मलाही तसंच वाटलं. बाहेर जाऊन बघितलं. तिथे गल्लीच आहे. एक झाड आहे, त्याच्याखाली मी स्कूटर लावली होती.”

“मग?”

“मग परत पुढच्या दारातून आत आलो. नुसतं चालत कोठीत गेलो, तर खोली नाही. पहिल्यापासून हात लावून फिरत गेलो, तर आहे.”

बाई जरा पुढे झुकल्या. वास आला तो खोडरबराचा. पिणाऱ्यांतला हा माणूस नव्हता. मग पाणी कुठे मुरत होतं? बाईंचं डोकं भराभर चालू लागलं. मंजूर नकाशापेक्षा एक खोली जास्त, म्हणजे बेकायदा बांधकाम. बेकायदा बांधकाम म्हटलं की कर्ज नामंजूर. कर्ज नामंजूर म्हणजे धाकटी रस्त्यावर. त्या घरावर दुसऱ्या कुणाचा डोळा असला आणि त्याने मास्तरांना हाताशी धरलं असलं, तर त्याला नेमकं हेच हवं असणार. भल्या माणसांचा पाय घसरायला वेळ लागत नाही, हे बाईंनी बावीस वर्षं पाहिलं होतं.

“फोटो कुठे आहे त्या खोलीचा?”

“नाही काढला.”

“का?”

“फोटोत टेप दिसला पाहिजे, हा नियम आहे आपला. एका हातात टेप, एका हातात कॅमेरा. भिंतीवरचा हात उचलावा लागला असता.”

“मग उचलायचा, मास्तर! भिंत काय पळून जाणार होती?”

मास्तरांनी आपल्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, माझ्यापुढे तिथे कुणीतरी चालत होतं. अंधार होता. पण हात भिंतीवरून घासत नेल्याचा आवाज येत होता. मी थांबलो की तोही थांबायचा. माझ्याच्याने हात उचलवला नाही.”

बाईंच्या मानेवरून एक बारीकसा शहारा गेला. त्याचा त्यांना रागच आला.

“अशी कारणं मी अहवालाला जोडू का? हे बघा, दोनच रस्ते आहेत. टेपसकट फोटो आणा, नाहीतर ती ओळ खोडून सही करा.”

“खोडणार नाही. मी चाललोय तिथून.”

“तर मग फोटो आणा.”

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मग नेहमीसारखी मान खाली गेली.

“बाईंचं बरोबर आहे,” ते म्हणाले आणि निघाले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा चाळीसला मास्तरांकडून फोटो आले. बाईंनी चष्मा पुसून एकेक उघडला.

पहिल्यात करड्या रंगाची भिंत होती, गिलावा केलेली, कधीच रंग न लागलेली. तिच्यावर पिवळा टेप ताणलेला. आठ फूट. दुसऱ्यात तशीच भिंत, सहा फूट. तिसरी आठ. चौथी सहा. झाल्या चार भिंती.

बाईंनी चारही फोटो शेजारी-शेजारी मांडले आणि खुशीत येऊन मान हलवली. सापडले मास्तर! चार भिंतींचे चार फोटो आणि एकाही भिंतीला दार नाही. दार नसलेल्या खोलीत हा गृहस्थ शिरला कुठून? कुठल्यातरी गोदामाच्या भिंती असणार. त्यांनी लगेच उत्तर पाठवलं: ‘चारही फोटोंत दार दिसत नाही. अग्राह्य.’

पाच मिनिटांनी पाचवा फोटो आला. हा जवळजवळ काळाच होता. खालच्या कोपऱ्यात टेपची डबी आणि ती धरलेला मास्तरांचा अंगठा. तिथून टेप छातीच्या उंचीवरून सरळ, घट्ट ताणलेला, अंधारात गेला होता. लांबी कळत नव्हती. पण टेप कुठे लोंबत नव्हता, म्हणजे दुसरं टोक कुणीतरी धरलेलं होतं.

बाईंनी तो मोठा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला. काहीच दिसेना. मग त्यांनी शेरा लिहिला: ‘सोबत मदतनीस नेल्याची नोंद नाही. खुलासा करावा.’

खुलासा आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा उलटला तरी नाही. मास्तर एकटेच राहत. त्यांच्या दाराला कुलूप होतं आणि फोन नुसता वाजत होता. साहेबांनी पोलिसांत कळवलं. पोलीस त्या घरी जाऊन आले आणि पाच रिकाम्या खोल्या बघून परतले.

“बाई, तुम्हाला काय वाटतं?” साहेबांनी विचारलं.

“चोरी पकडली गेली म्हणून हातावर तुरी देऊन पळाले, दुसरं काय?” बाई म्हणाल्या. “मी तसा शेरा लिहिला आहे त्यांच्या फाइलवर.”

बोलताना त्यांच्या मनात पाचव्या फोटोतला तो ताठ टेप आलाच. त्यांनी तो मनातून हुसकावला. महिनाअखेर जवळ आली होती.

साहेबांनी नव्या मूल्यांकनकाराला पाठवलं. तो लेझर घेऊन गेला आणि पाऊण तासात परत आला. पाच खोल्या, पाच फोटो, प्रत्येक फोटोत दार. बाईंनी सगळं दोनदा तपासलं, एकही चूक सापडली नाही, आणि मंजुरीचा शिक्का उमटवला. मास्तरांचा अहवाल त्यांनी बाद फाइलींच्या कपाटात तळाशी घातला. कपाटाला कुलूप लावल्यावर ते लागलंय की नाही हे त्यांनी तीनदा ओढून पाहिलं.

४

धाकटी राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी बाई सकाळी नवं घर बघायला गेल्या. बघायला म्हणजे काय, कागदावर त्यांना त्या घरातला खिळा न् खिळा पाठ होता. तरी रिक्षातून उतरल्यावर त्या आधी पुढच्या दाराकडे गेल्या नाहीत. घराला वळसा घालून गल्लीत गेल्या. कशाला, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

कोठीच्या खोलीची भिंत गल्लीला लागूनच होती. मधे टाचणी ठेवायला जागा नव्हती. समोर झाड होतं आणि झाडाखाली एक स्कूटर. सीटवर पानांचा थर साचला होता. पुढच्या टोपलीत गुंडाळी केलेले दोन-तीन कोरे नकाशाचे कागद पावसाने फुगून चिकटले होते. पोलिसांना ही स्कूटर दिसली नसेल? की कुणी विचारलंच नसेल, कारण मास्तर पळाले असं एका अनुभवी बाईंनी लेखी दिलं होतं?

“ताई, अगं तिकडे काय करतेयस?” धाकटी खिडकीतून ओरडली. “चहा टाकलाय, ये ना!”

“ती गाडी कुणाची गं?”

“कोण जाणे. आम्ही आलो तेव्हापासून पडून आहे. हे म्हणतात, उचलून न्यायला फोन करायला हवा.”

घर छान लावलं होतं. धाकटीच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी हसू नीट बसलं होतं. नवरा बाजारात गेला होता. खारुताईने मावशीला मिठी मारली आणि डावा हात पुढे केला. “मावशी, ठिपका!” बाईंनी पर्समधून पेन काढून ठिपका दिला. देताना त्यांचं लक्ष नव्हतं. त्या कान देऊन काहीतरी ऐकत होत्या.

“हा कसला आवाज गं?”

“कुठला? तो होय? घासल्यासारखा? उंदीर असतील भिंतीत. पहिले दोन दिवस मलाही झोप लागली नाही.” धाकटीने कप पुढे केला. “पण गंमत काय माहितीये? ते भिंतीत फिरतात ना, तर घड्याळ लावल्यासारखे. थोडं घासलं, की थांबतात. परत थोडं, परत थांबतात. कोपरा आल्यासारखे.”

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांना सांगायचं होतं की अगं, आवर, मुलीला घे आणि या घरातून बाहेर पड. पण काय म्हणून सांगणार? की एक चित्रकला मास्तर सांगत होता आणि मी त्याला खोटा ठरवला, कारण तुला घर मिळायला हवं होतं? पाच म्हणून आपणच शिक्का मारला होता. बाई स्वतःशी वाद घालत राहिल्या. उंदीर असतात भिंतीत. स्कूटर लोक टाकून पळतात. चोर स्वतःच्या गाडीने पळत नाही, तेवढी अक्कल चोराला असतेच.

“एक!” बैठकीच्या खोलीतून आवाज आला.

“काय करतेय ती?” बाईंनी विचारलं.

“तुझाच खेळ,” धाकटी हसली. “इथे आल्यापासून खेळली नव्हती. म्हणाली, मावशी आली की खेळणार, ठिपका लागतो.”

५

“दोन!” म्हणजे स्वयंपाकघर. खारुताई त्यांच्या समोरूनच गेली, हात भिंतीवरून फरफटत, ओट्याखालून वाकून, जीभ दातात धरून. बाई उठल्या, पण तेवढ्यात ती दारातून बाहेर पडली होती. “तीन!” पहिली झोपायची खोली. “चार!” दुसरी.

“अगं, थांब!” बाईंनी हाक मारली.

“पाच!”

कोठी. आता कोठीला एक फेरी, मग बाहेर, मग घरातल्या बोळातून सरळ पुढच्या दाराशी. बाई बोळात येऊन उभ्या राहिल्या. लहान पावलांचा आवाज कोठीत फिरत होता. एक भिंत. दुसरी भिंत. मग तो आवाज बारीक झाला, कुणी दार ओढून घ्यावं तसा.

“सहा!” खारुताई म्हणाली. आवाज लांबून आला आणि त्यात आनंद मावत नव्हता. नवीन खोली सापडली होती तिला.

बाई धावल्या. कोठीत शिरल्या. पोती, डबे, एक मोडकी खुर्ची, चार भिंती. मुलगी नव्हती. त्यांनी गल्लीकडच्या भिंतीवर दोन्ही तळहात आपटले. भिंत घट्ट होती. भिंतीच्या मागे गल्ली होती आणि गल्लीत झाड, हे त्या आत्ताच बघून आल्या होत्या.

“खारुताई!”

“ओ!” भिंतीतूनच.

“हात भिंतीला आहे का तुझा? ठिपक्याचा हात?”

“हो. मावशी, इथे अंधार आहे. इथे एक काका आहेत, टेपवाले.”

मागे धाकटी येऊन उभी राहिली होती. “ताई, कुठून बोलतेय ती? कुठे लपलीये?” ती विचारत होती, आणि अजून तिच्या ओठांवर हसू होतं.

“ते काका म्हणतायत, हात दे,” खारुताई म्हणाली. “मावशी, कुठला देऊ?”

बाईंना वाटलं, ओरडावं: उजवा दे, ओढून आण त्यांना बाहेर, मीच टाकलंय त्यांना तिथे. मास्तर जिवंत होते. महिनाभर त्या अंधारात दार शोधत होते. आणि त्याच क्षणी बावीस वर्षांची सवय आत जागी झाली. मास्तर असतील तर ते लहान मुलीकडे हात मागतील का? मागतील का खरंच?

“कुठलाच नको!” बाई किंचाळल्या. “ऐकलंस? कुठलाच हात द्यायचा नाही. ठिपक्याचा हात भिंतीलाच ठेव आणि चालत ये. पळायचं नाही. मोठ्याने आकडे म्हणत ये.”

मग बारीक आवाजात एक, दोन, तीन सुरू झालं. चौदाच्या आकड्याला खारुताई कोठीच्या कोपऱ्यातून बाहेर आली. कुठून आली, ते बाईंनी डोळे ताणून पाहूनही त्यांना सांगता आलं नाही. कोपरा होता आणि मग कोपऱ्यात मुलगी होती. तिच्या तळहाताला करड्या गिलाव्याची भुकटी लागली होती.

“काका रडायला लागले,” ती म्हणाली. “मावशी, तू त्यांना हात का नाही देऊ दिलास? ते म्हणाले, बाईंना सांग, फोटो काढून झाले.”

६

धाकटीला काहीही न सांगता बाईंनी दोघींना रस्त्यावर नेऊन उभं केलं. “मी हाक मारेपर्यंत आत यायचं नाही. काही झालं तरी नाही. आणि हाक मारली, तरी आधी मला तुझं लहानपणचं नाव विचार.” धाकटी पांढरीफटक पडली होती. तिने मुलीला उचलून छातीशी धरलं.

बाई पुढच्या दारात आल्या. उन्हाचा पट्टा उंबऱ्यापाशी पडला होता. डावा हात त्यांनी भिंतीला टेकवला.

आयुष्यभर त्या कागदावरून घरांत फिरल्या होत्या. हाताखाली खरी भिंत ही अशी गार आणि खरखरीत लागते, हे त्यांना नवीनच होतं. बैठकीची खोली. स्वयंपाकघर, तिथे दोन कप तसेच. झोपायच्या खोल्या. मनातला जुना आवाज कुरकुरत होता: पडताळणी केलीस का? पुरावा काय? तो मास्तरच, कशावरून? टेपवाला म्हणजे मास्तरच का? बाईंनी त्या आवाजाला दटावलं. तुझंच ऐकत आले आणि एका भल्या माणसाला भिंतीत पुरलं. आज तुझं ऐकणार नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि दुसरा हात मोकळा ठेवायचा होता, म्हणून त्यांनी डोळे पुसले नाहीत.

कोठी. पहिली भिंत. दुसरी भिंत, गल्लीकडची. कोपरा आला. भिंतीने इथे वळायला हवं होतं. नकाशात ती इथे वळत होती. या वळणावर त्यांचा शिक्का होता.

भिंत वळली नाही. हात सरळ पुढे गेला.

हवा गार होती आणि तिला ओल्या गिलाव्याचा वास होता. चार पावलांनंतर उजेड संपला. आठ फूट, बाईंनी मोजलं. मग दहा. मग बारा. भिंत सरळच जात होती. पुढे कुठेतरी हात घासत नेल्याचा आवाज होत होता. बाई थांबल्या, तसा तोही थांबला.

“मास्तर?”

“बाई!” आवाज मास्तरांचाच होता. तोच नम्रपणा, तीच किंचित घोगरी सुरुवात. “आलात. बरं झालं. हात द्या, बाई. मला दार सापडत नाही.”

बाईंच्या तोंडून हुंदका फुटला. “चुकलं माझं, मास्तर. मला माफ करा. उचलायला नको होता तुम्ही हात. मीच भाग पाडलं तुम्हाला.” डावा तळहात भिंतीवर घट्ट दाबून धरत त्यांनी उजवा हात अंधारात लांब केला. “धरा. उजवा द्या तुमचा. आणि डावा भिंतीला लावा. दोघं मिळून बाहेर जाऊ.”

टेप सर्रकन गुंडाळला गेला आणि डबीत खट्‍कन बसला. उजव्या हातात उजवा हात आला. कोरडा, गार, मजबूत. त्याने बाईंचा पंजा पुरता वेढून धरला. बाईंच्या जिवात जीव आला. त्या मागे वळायला लागल्या आणि वळता वळता, बावीस वर्षांच्या सवयीने, काही ठरवलेलं नसताना, त्यांनी अंगठ्याने तो हात चाचपला. करंगळी. अनामिका. मधलं बोट.

तर्जनी टोकापर्यंत पूर्ण होती. नखासकट.

बाहेरून, फार लांबून, धाकटी त्यांना हाक मारत होती.

“तुम्ही मास्तर नाही,” बाई म्हणाल्या.

पकड तसूभरही ढिली झाली नाही. अंधारात कुणीतरी मान खाली घातल्यासारखं वाटलं, आणि मग नेहमीच्याच नम्र आवाजात उत्तर आलं.

“बाईंचं बरोबर आहे.”